सात बेटांच्या वाटा

मुंबईत पायधुणी नावाची एक भरवस्ती आहे. मुंबादेवीच्या देवळापासून ती फार दूर नाही. तेथे सकाळपासून रात्रीपर्यंत हातगाड्या, मोटारी, पाटीवाले आणि गिऱ्हाइके यांची अशी दाटी असते की, रस्ता ओलांडावयाचा तर क्षणभर थांबून संधी साधावी लागते. ओढा, तळे किंवा खाडी यांचा तेथे मागमूसही नाही. मग या जागेला पाय धुण्यावरून नाव का पडावे? त्याचे कारण असे सांगतात की, एके काळी भरतीचे पाणी येथपर्यंत आत शिरत असे. ओहोटी लागली म्हणजे पलीकडच्या बेटावरची माणसे चिखल तुडवीत येत आणि कोरड्या जमिनीला लागली की येथे पाय धूत. जवळच उमरखाडी आहे. तिच्या नावात खाडी उरली आहे. प्रत्यक्षात तेथे आज घरे आहेत, दुकाने आहेत आणि एकमेकींत शिरणाऱ्या गल्ल्या आहेत.

ज्या भूमीवर मुंबई शहर वसले, ती भूमी मुळात एकसंध नव्हती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी ती सात बेटे होती. १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार झाला. त्या करारान्वये मुंबई इंग्रजांकडे गेली. आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला अवघ्या दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली.

या बेटांवर रस्ते नव्हते असे नाही. कोळीवाड्यातून किनाऱ्याकडे, घरापासून विहिरीकडे, माडांच्या वाडीतून देवळाकडे अशा पायवाटा प्रत्येक बेटावर होत्या. परंतु बेटाच्या कडेला आल्या की त्या संपत. पुढे पाणी असे. वरळीच्या माणसाला माझगावास जावयाचे असेल, तर होडी गाठावी लागे किंवा ओहोटीची वाट पाहत बसावे लागे. तिथीवरून भरतीओहोटीची वेळ काढण्याची विद्या कोळ्यांना चांगली अवगत होती. म्हणजे आज जे काम रस्त्यावरचा दिवा करतो, ते त्या काळी आकाशातला चंद्र करीत असे. पावसाळ्यात तर कित्येक दिवस ही बेटे एकमेकांना केवळ दिसत. तेथे जाता येत नसे.

मुंबई बेट आणि वरळी यांच्यामध्ये एक मोठे खिंडार होते. उधाणाच्या वेळी समुद्र या खिंडारातून आत घुसे आणि बेटांमधली सखल जमीन खाऱ्या पाण्याखाली जाई. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दीत हे खिंडार बुजविण्याचे काम झाले आणि १७८४ च्या सुमारास तेथे भक्कम बांध उभा राहिला. हॉर्नबी वेलार्ड या नावाने तो ओळखला जाऊ लागला. यातील वेलार्ड हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याचा अर्थ कुंपण किंवा बांध असा आहे. बांधकाम पुनःपुन्हा ढासळत होते, तेव्हा रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभू स्थापत्यविशारदाला स्वप्नात देवीचा दृष्टान्त झाला, समुद्रातून मूर्ती वर काढल्यावर बांध टिकला आणि त्या मूर्तींसाठी महालक्ष्मीचे देऊळ बांधले गेले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी त्या लाटांपुढे दगड टिकवून धरणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना तीवरून येते.

बांधाने समुद्र अडविला. परंतु त्याचा खरा परिणाम पुढे दिसून आला. आतली सखल जमीन हळूहळू कोरडी पडली. जेथे पूर्वी होडी लागत असे, तेथे माती टाकून रस्ता करता येऊ लागला. १७९३ मध्ये या भागातून बेलासिस रोड तयार झाला. पुढे ग्रँट रोड झाला. एक जोड साधल्यामुळे दुसरी शक्य झाली आणि दुसरीमुळे तिसरी. शहराच्या वाढीत असे वारंवार घडते. पहिला बांध घालणाऱ्यांना बहुधा पुढच्या रस्त्यांची कल्पनाही नसते.

यानंतरच्या साठ वर्षांत मोठमोठ्या जोडण्या झाल्या. १८०३ च्या सुमारास शीव आणि कुर्ला यांच्या दरम्यानचा बांध झाला आणि मुंबईची बेटे उत्तरेकडील साष्टीच्या मोठ्या बेटाला जोडली गेली. दक्षिणेकडे १८३८ मध्ये कुलाब्याचा बांध पुरा झाला. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये मात्र खाडीच होती. होडीतून ती ओलांडणे पावसाळ्यात जिवावरचे काम असे. येथे बांध व पूल बांधण्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. त्या काळी ही रक्कम फारच मोठी होती. देणगी देताना त्यांनी अट घातली, ती अशी की, या वाटेने जाणाऱ्यायेणाऱ्या कोणाकडूनही पथकर घेऊ नये. १८४५ मध्ये ही वाट खुली झाली. वांद्र्याचा भाजीवाला आणि बग्गीतला व्यापारी असे दोघेही तीवरून सारख्याच हक्काने चालू लागले. माहीमचा लेडी जमशेटजी मार्ग याच आवाबाईंच्या नावाचा आहे.

रस्ते जोडले जाणे म्हणजे नेमके काय, हे नीट समजून घेण्यास अंगणातली ठिपक्यांची रांगोळी फार उपयोगी पडते. तीन ओळींत तीन-तीन असे नऊ ठिपके काढावेत. ठिपका म्हणजे चौक आणि दोन शेजारच्या ठिपक्यांना जोडणारी उभी किंवा आडवी रेघ म्हणजे रस्ता, असे समजावे. नऊही ठिपके एकमेकांना जोडावयाचे, परंतु कमीत कमी रेघा काढावयाच्या, असे ठरविले तर आठ रेघा पुरतात. रेघा कशाही काढल्या, तरी त्याहून कमी चालत नाहीत. या आठ रेघांच्या रांगोळीत कोणत्याही एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत जाता येते. मात्र जाण्याची वाट एकच असते. मधली एक रेघ पुसली की रांगोळीचे दोन तुकडे होतात.

आता राहिलेल्या चार रेघा काढून शेजारचे सर्व ठिपके जोडून टाकावेत. एकंदर बारा रेघा होतील. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात जाण्यास आता किती वाटा आहेत, ते बोटाने मोजून पाहावे. सारख्याच लांबीच्या आणि सर्वांत जवळच्या अशा सहा वाटा सापडतात. रेघा दीडपट झाल्या. वाटा मात्र सहापट झाल्या. यांपैकी कोणतीही एक रेघ पुसली, तरी निदान तीन जवळच्या वाटा शिल्लक राहतात. एखाद्या गल्लीत घर कोसळून रस्ता बंद झाला असता आगीचा बंब दुसऱ्या बाजूने पोहोचू शकतो की नाही, हे अशा शिल्लक वाटांवर अवलंबून असते. म्हणून शहरात किती मैल रस्ता आहे एवढेच विचारून भागत नाही. तो कोठे कोठे जुळतो, हे विचारावे लागते.

बांधांनी जोडलेली मुंबई ही आठ रेघांच्या रांगोळीसारखी होती. बेटे एकमेकांना लागली. पण दोन बेटांमध्ये बहुधा एकच वाट. पुढच्या काळात तीत आणखी रेघा भरल्या गेल्या. मात्र काही रेघा पुसल्याही गेल्या.

त्या काळी मूळ शहर किल्ल्याच्या तटबंदीच्या आत होते. तटाबाहेर खंदक होता आणि खंदकापलीकडे मोकळे मैदान राखलेले होते. आत शिरण्यास बझारगेट, चर्चगेट आणि अपोलो गेट असे तीन दरवाजे होते. रात्री ते बंद होत. वस्ती वाढून तटाबाहेरही दुसरे शहर उभे राहिले. परंतु ही दोन्ही शहरे तीन दरवाजांतूनच काय ती एकमेकांशी बोलत. शत्रूची भीती सरल्यावर हा तट केवळ अडचण होऊन बसला. १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत तो पाडण्यात आला. जेथे चर्चगेट हा दरवाजा होता, तेथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन हे कारंजे उभे राहिले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्यांनी प्राण वेचले, त्यांचे स्मारक याच जागी झाले आणि ती जागा हुतात्मा चौक म्हणून प्रसिद्ध झाली. जेथे पूर्वी अडसर घातला जाई, तेथेच चोहोंकडचे रस्ते येऊन मिळू लागले. चर्चगेट हे नाव मात्र रेल्वेच्या स्थानकाकडे गेले.

रेल्वेची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरांची पहिली गाडी धावली. नंतर पश्चिम किनाऱ्याच्या बाजूनेही दुसरा लोहमार्ग आला. या दोन मार्गांनी मुंबई उत्तरेस वाढण्याची सोय केली. ठाणे, कुर्ला, अंधेरी, बोरिवली ही दूरची गावे कामावर जाण्याच्या टप्प्यात आली. परंतु रूळ हा दक्षिणोत्तर प्रवाशाला रस्ता असला, तरी पूर्वपश्चिम चालणाऱ्याला भिंत असतो. पूर्वी शेताच्या बांधावरून जेथून वाटेल तेथून पलीकडे जाता येई, तेथे आता फाटकाशी थांबावे लागे. गाड्या वाढल्या तसे फाटक अधिक वेळ बंद राहू लागले. मग पूल बांधावे लागले. दादरचा टिळक पूल हा अशाच जोडणीचा एक. पूल मोजके आणि रूळ मैलोगणती, अशी स्थिती असल्यामुळे एकाच गावाचे दोन भाग झाले. मुंबईकर आजही पत्ता सांगताना केवळ दादर, अंधेरी किंवा घाटकोपर असे सांगून थांबत नाही. पूर्व की पश्चिम, ते त्याला सांगावेच लागते. खिडकीतून समोर दिसणाऱ्या शाळेत जाण्यासाठी स्थानकापर्यंत उलटे चालत जाऊन, जिना चढून, जिना उतरून पुन्हा तेवढेच चालणारी मुले या शहरात पुष्कळ आहेत.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात गाठीचा ताप आलेला रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तपासला आणि तो प्लेग असल्याचे ओळखले. साथ झपाट्याने पसरली. लोक शहर सोडून पळू लागले. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, हे त्या वेळी सिद्ध झालेले नव्हते. कोंदट घरे, अंधाऱ्या बोळी आणि कुबट हवा यांतच रोगाचे मूळ आहे, अशी पुष्कळांची समजूत होती. शहर सुधारण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढून समुद्रावरचा वारा आत खेळवावा, असा तिचा बेत होता. त्यातून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे पूर्वपश्चिम रस्ते झाले. पहिल्याचे नाव आता शामळदास गांधी मार्ग आणि दुसऱ्याचे सरदार वल्लभभाई पटेल मार्ग असे आहे. पुढे दक्षिणोत्तर असा मोहम्मद अली रोड झाला.

या रस्त्यांनी जुन्या वस्तीचे रूप पालटले. जी बोळ पूर्वी दुसऱ्या बोळीत शिरून तेथेच संपे, तिला आता हमरस्ता मिळाला. परंतु नकाशावर सरळ रेघ ओढणे सोपे असते. त्या रेघेखाली माणसांची बिऱ्हाडे होती. ती मोडली. नवी घरे त्या मानाने उशिरा बांधून झाली; म्हणून हलविलेल्या माणसांनी जवळच्याच, आधीच भरलेल्या चाळींचा आसरा घेतला. एका गल्लीतली दाटी दुसऱ्या गल्लीत गेली. रस्ता हवाच होता, यात शंका नाही. तो आधी काढावा की माणसांची सोय आधी करावी, एवढाच प्रश्न होता. आणि तो प्रश्न रस्तारुंदीच्या प्रत्येक प्रसंगी आजही उभा राहतो.

याच ट्रस्टने दादर आणि माटुंगा येथे मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती आखली. तेथे घरे मोडण्याचे कारण फारसे नव्हते. आधी रस्ते, मग घरे, असा क्रम ठेवता आला. दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी या वस्त्या त्या आखणीत वसल्या. हिंदू कॉलनीतील गल्ल्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमांकांनीच ओळखल्या जातात. त्या हमरस्त्याला मिळतात. बाजारात, शाळेत किंवा बागेत जाण्यास येथल्या माणसाला एका वाटेवर अवलंबून राहावे लागत नाही. बारा रेघांची रांगोळी पाहावयाची असेल, तर या भागातून एक फेरफटका मारावा. झाडांची सावलीही भरपूर मिळते.

साष्टीच्या बाजूने शहर वाढले, तेव्हा मात्र हा क्रम राहिला नाही. १९५० मध्ये जोगेश्वरीपर्यंतची आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंतची उपनगरे बृहन्मुंबईत आली. पश्चिमेला घोडबंदराकडे जाणारा रस्ता होता, त्याच्या एका मोठ्या भागाचे नाव आता स्वामी विवेकानंद मार्ग आहे. पूर्वेला जुना आग्रा रोड होता, तो आता लालबहादूर शास्त्री मार्ग झाला. दोन्ही दक्षिणोत्तर. मध्ये डोंगर, तळी आणि जंगल. भातशेतीचे तुकडे एकेक करून विकले गेले आणि ज्याने त्याने आपल्या तुकड्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एक वाट काढली. शेजाऱ्याच्या तुकड्याला ती जोडण्याचे कारण त्याला नव्हते. अशा रीतीने माशाच्या काट्यासारखी रचना झाली: मधोमध एक कणा आणि त्याला दोन्ही बाजूंनी काटे, काट्याची टोके एकमेकांना मिळत नाहीत. दोन इमारती पाठीला पाठ लावून उभ्या असतात, पण एकीतून दुसरीत जाणाऱ्या माणसाला मोठ्या रस्त्यापर्यंत येऊन वळसा घालावा लागतो. त्यातच पुढे कुंपणे आली, मोठी लोखंडी दारे आली, दारांवर पहारेकरी आले.

हे केवळ मुंबईतच घडले असे नव्हे. जगातील अनेक देशांच्या रस्त्यांचे नकाशे संशोधकांनी तपासले, तेव्हा त्यांना असे आढळले की, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर वसलेल्या पुष्कळ वस्त्यांत चौक कमी झाले आणि बंद गल्ल्या वाढल्या. एकदा आखलेला रस्ता सहसा बदलत नाही. घर शंभर वर्षांत दोनदा पाडून बांधले जाते. गल्ली मात्र जेथल्या तेथे राहते. त्यामुळे आखणीच्या वेळी राहून गेलेली जोड नंतर साधणे फार खर्चाचे होते.

बंद गल्लीत राहणाऱ्यांचीही एक बाजू आहे. तेथे भरधाव मोटारी शिरत नाहीत. मुलांना क्रिकेट खेळता येते. म्हातारी माणसे निर्धास्तपणे फिरतात. हे सुख खोटे नाही. परंतु त्यासाठी माणसांची वाट अडविण्याची गरज नसते. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या मोठ्या दरवाजात एक लहान दिंडी दरवाजा असे. मोठा दरवाजा बंद असला, तरी दिंडीतून माणूस वाकून आतबाहेर जाई. गल्लीच्या टोकाला वाहनांसाठी भिंत आणि माणसांसाठी अशी एक दिंडी ठेवली, तर दोन्ही गोष्टी साधतात. ज्या वसाहतींनी तसे केले आहे, तेथील मुलांना शाळा जवळ पडते.

वाटा थोड्या असल्या म्हणजे संकटात काय होते, ते २६ जुलै २००५ रोजी दिसून आले. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. रूळ पाण्याखाली गेले, आणि उपनगरांना जोडणारे मोजके रस्तेही तुंबले. कामावर गेलेली असंख्य माणसे छातीभर पाण्यातून चालत घरी निघाली. कित्येकांनी ती रात्र गाडीत किंवा अनोळखी माणसांच्या घरी काढली. या प्रसंगाला आणखी एक अंग होते. बेटे जोडताना माणसाने ज्या जागा बुजविल्या, त्या पाण्याच्या जाण्यायेण्याच्या जागा होत्या. पाणी आजही सखल भाग शोधत तेथे येते. परळजवळच्या हिंदमाता भागात थोडा जोराचा पाऊस झाला तरी पाणी साचते, ते काही अकारण नव्हे.

गिरणगावची हकीकत अशीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. परळ, लालबाग, वरळी या भागांत कापडाच्या गिरण्या होत्या. प्रत्येक गिरणीला उंच दगडी आवार. कामगार भोंग्याच्या वेळी आत जात आणि भोंग्याच्या वेळी बाहेर येत. आवारातून आरपार रस्ता असण्याचे कारण नव्हते. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या मोठ्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. दाट वस्तीच्या मधोमध मोठ्या जमिनी मोकळ्या होण्याचा असा योग शहराच्या आयुष्यात क्वचित येतो. या सर्व जमिनींचा एकत्र विचार करून आराखडा करावा, अशी शिफारस वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये केली होती. ती त्या स्वरूपात अमलात आली नाही. जमिनी सुट्या सुट्या विकसित झाल्या. दगडी आवारांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, हजारो माणसे तेथे कामास येऊ लागली. पण येण्याच्या वाटा बहुतांशी गिरण्यांच्या काळातल्याच राहिल्या.

एल्फिन्स्टन रोड स्थानकावरील अरुंद पादचारी पूल ही त्यांपैकीच एक वाट होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, कामावर जाण्याच्या वेळी, जोराचा पाऊस आला. भिजू नये म्हणून माणसे पुलावर थांबली. खालून गाड्यांतून उतरलेली माणसे वर येतच होती. चेंगराचेंगरी झाली आणि तीत २३ जणांचा अंत झाला. माणसे वाढली होती आणि जोड तेवढीच राहिली होती. त्यानंतर सैन्यदलाच्या अभियंत्यांनी तेथे दुसरा पूल उभारला. २०१८ च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. काही महिन्यांचे ते काम होते. त्या स्थानकाचे नाव आता प्रभादेवी असे आहे.

अलीकडच्या काळात मुंबईने पुन्हा समुद्राकडे तोंड वळविले आहे. ३० जून २००९ रोजी वांद्रे आणि वरळी यांना जोडणारा सागरी सेतू खुला झाला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा, सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू सुरू झाला. पूर्व आणि पश्चिम उपनगरांना जोडणारा सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता २०१४ मध्ये झाला. गोरेगाव आणि मुलुंड यांना जोडण्यासाठी राष्ट्रीय उद्यानातील डोंगराखालून बोगदे नेण्याची योजनाही हाती घेण्यात आली. दीडशे वर्षांपूर्वी दक्षिणोत्तर पडलेल्या रेघांना आता कोठे आडव्या रेघा मिळत आहेत.

हे सेतू अभियांत्रिकीचे मोठे पराक्रम आहेत आणि त्यांनी तासांचा प्रवास मिनिटांवर आणला, हे खरे. मात्र त्यांची जोड दोन टोकांपुरती असते. मधल्या वस्त्यांना ती लागत नाही. त्यांवरून जाण्यास पथकर द्यावा लागतो. पायी चालणाऱ्यास किंवा सायकलवाल्यास त्यांवर प्रवेशच नाही. वरळीच्या कोळीवाड्यातील मुलाला सागरी सेतू घराच्या दारातून दिसतो. पण वांद्र्यास जावयाचे झाले, तर तो बस धरतो आणि माहीमवरून जातो. तेथे आवाबाईंच्या पैशाने झालेली वाट अजून आहे. पुष्कळ रुंद झाली आहे, मोटारींनी गजबजली आहे, तिच्या पुलाखालून मिठी नदीचे पाणी समुद्रास मिळते. आणि कडेच्या पदपथावरून माणसे कोणासही काही न देता इकडून तिकडे चालत जातात.